तापट काकूंचं थांबणं

सुमतीकाकू गेल्याचा फोन आला, तेव्हा मी वर्गात शिकवत होते. दुसऱ्या दिवशी नारायण पेठेतल्या त्यांच्या मेसवर आम्ही जुनी मुलंमुली जमलो. प्रत्येकाच्या तोंडी तेच शब्द... तापट, उतावळ्या, भडक डोक्याच्या. खोटं त्यात काहीच नव्हतं. एकदा स्कूटर चालू होईना म्हणून काकूंनी ती भर रस्त्यात, तिथल्या तिथे विकून टाकली होती आणि तरातरा चालत घरी आल्या होत्या. स्वयंपाकाच्या बाईंना सकाळी काढून टाकायचं आणि दुपारी स्वतःच जाऊन घेऊन यायचं, हे तर नेहमीचंच. "पोळी हवी का, एवढंच विचारलंय. निबंध नकोय," असं कुणाला सुनावलं, की अख्खी पंगत मुकाट जेवायची.

मी त्या मेसमध्ये आले ती साताऱ्याहून शिकायला आलेली, बोलताना अडखळणारी मुलगी म्हणून. पहिल्या दिवशी काकूंनी नाव विचारलं आणि 'क' माझ्या घशातच अडकला. मागून कुणीतरी म्हणालं, "कविता? काव्या?"

"तुला विचारलंय का?" काकू त्याच्यावर कडाडल्या. मग माझ्याकडे बघत नुसत्या उभ्या राहिल्या. ताटातला भात निवत होता.

"क... कल्याणी."

"बस, कल्याणी."

तोंडी परीक्षा जवळ आली, तेव्हा मी सामान बांधलं. गावी परत जाते, असं सांगायला गेले. काकू भडकल्याच. "जा की! पण का जातेस, ते मला पूर्ण सांगून जा." मी अडखळत सांगत राहिले. परीक्षकांची भीती, वर्गातलं हसू, सगळंच. त्यांनी एकदाही मधे तोडलं नाही. माझं संपल्यावर म्हणाल्या, "एवढं सगळं सांगितलंस की मला. परीक्षकाला याहून जास्त काय लागतं?"

मग रोज जेवणं आटोपली, की माझं पुस्तक घेऊन त्या प्रश्न विचारायला बसायच्या. परीक्षेत मी अडखळलेच, पण प्रत्येक उत्तर शेवटपर्यंत नेलं. पास झाले. पुढे शिक्षिकाही झाले.

शांत, संयमी, सोशिक माणसं मला आयुष्यात पुष्कळ भेटली. त्यांतल्या बहुतेकांनी माझी वाक्यं अगदी प्रेमाने पूर्ण करून टाकली. काकूंनी कधीच नाही. गेल्या दिवाळीत भेटले, तेव्हा शेवटी विचारलंच, "काकू, माझ्यासाठी एवढा धीर कुठून आणायचात?"

"कसला धीर! तुझा शब्द मला आधीच कळलेला असायचा, अगदी ओठांवर यायचा. जीभ दाताखाली धरून बसायचे मी."

इतकी वर्षं मला वाटत होतं, माझ्यापुरता त्यांचा स्वभावच शांत आहे...

"मग का थांबायचात?"

"अगं, बोलणं तुझं होतं ना," त्या म्हणाल्या आणि लगेच स्वयंपाकघराकडे वळून ओरडल्या, "चहा आज मिळणारे, की कल्याणीने उद्या यायचं?"