आभार झाले, आता चहा

निवृत्त व्हायची दांडगी हौस आणि निवृत्त न होण्याचा चोख बंदोबस्त, या दोन्ही गोष्टी एकाच माणसात मी फक्त आमच्या घरमालकांत पाहिल्या. नव्वद सालच्या आगेमागे मी कोल्हापुरात हायस्कूलवर मास्तर म्हणून लागलो आणि शाहूपुरीत त्यांच्या माडीवर दोन खोल्या भाड्याने घेतल्या. पहिल्याच भेटीत त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "पावणं, खोल्या दिल्या म्हणून समजा. पर एक आधीच सांगतो, मी आता फार दिवस अध्यक्ष ऱ्हाणार न्हाय. तरण्या पोरांनी म्होरं यायला पायजे." मी हे विचारलंच नव्हतं. नळाला पाणी किती वाजता येतं, एवढंच मी विचारलं होतं.

ते ज्या पक्षाचे जिल्ह्यातले अध्यक्ष होते त्याचं नाव सांगत नाही. पक्ष तेव्हा लहान होता आणि आजही तेवढाच आहे. पण अध्यक्ष मात्र मोठा होता. सोळा वर्षं त्या खुर्चीवर बसून बसून त्यांचं मूळ नाव पुसलंच गेलं होतं. दूधवाला त्यांना अध्यक्ष म्हणे, न्हावी अध्यक्ष म्हणे, आणि खुद्द त्यांची बायको, म्हणजे काकूसुद्धा मोरीतून हाक मारत, "अध्यक्ष, पाणी काढलंय, आंघोळ करून घ्या की!" घरातला कारभारही सभेच्या रीतीने चाले. मटण आणायचं की अंडी, हा विषय काकू मांडायच्या, ते थोरल्या सुनेचं अनुमोदन घ्यायचे आणि मग घसा साफ करून निर्णय जाहीर करायचे. तोवर बहुधा काकूंनी अंडी उकडायला टाकलेली असत.

त्यांच्या आयुष्यातला खरा घोर एकच होता. आपल्यामागे पक्ष चालवणार कोण? हे ते ढोंगाने म्हणत नसत. आपण गेल्यावर हे दुकान बंद पडेल या विचाराने त्यांना जेवण जायचं नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून दर रविवारी सकाळी गच्चीवर ते तरुण कार्यकर्त्यांचा वर्ग घेत. हार कसा स्वीकारावा (मान वाकवायची, डोळे नाही), स्टेजवर कसं बसावं (पाठ टेकायची नाही, टेकली की झोप लागते आणि फोटो नेमका तेव्हाच निघतो), कुणाच्या घरी सांत्वनाला गेल्यावर काय बोलावं (काहीच नाही). वर्गाला श्रोते हवेत म्हणून मला गच्चीवरून हाक यायची, "मास्तर, या, तुम्ही जनता व्हा." मग मी पालथ्या बादलीवर बसून दीड दीड तास जनता होत असे. एकदा मला जांभई आली तर ते पोरांना म्हणाले, "बघा, जनतेनं तोंड उघडलं की भाषण गुंडाळायचं."

असा अस्सल गुरू मिळूनही पोरं टिकत नव्हती, हे मला मोठं कोडं होतं. दोन-तीन वर्षं शिकायची आणि दुसऱ्या पक्षात जायची. तिकडे कुणी सरपंच झालं, कुणी नगरसेवक, वारणानगरकडचा एक जण तर कुठल्याशा संस्थेचा चेअरमन झाला. निवडून आलं की पेढे घेऊन पाया पडायला मात्र इथेच यायची. अध्यक्ष त्यांच्या पाठीवर थाप मारून मला अभिमानाने सांगत, "आमचाच माल हाय!" गिऱ्हाईक दुसरंच का, हे विचारायचा धीर मला होत नसे.

पुढे मी त्यांचे मेळावे बघू लागलो तेव्हा कोडं सुटलं. स्वागत अध्यक्ष करत, प्रास्ताविक अध्यक्ष करत, मुख्य भाषण तर त्यांचंच. तरुण कार्यकर्त्यांच्या वाट्याला यायचं ते आभारप्रदर्शन. "सुरुवात आभारापासनं करायची," हे त्यांचं तत्त्व. सुरुवातही तिथेच आणि शेवटही तिथेच, हे पोरांना दोन-तीन वर्षांत कळायचं. बरं, आभार सुरू झाले की अर्धा हॉल चपला शोधायला उठे आणि उरलेला अर्धा आपापले अर्ज, लग्नपत्रिका, तक्रारी घेऊन स्टेजकडे धावून अध्यक्षांना गराडा घाली. बिचारा बोलणारा माईकसमोर एकटाच.

आभाराबाबत त्यांचे दोन नियम होते. आपण चष्मा काढून खिशात ठेवला की ती आभाराची खूण. आणि आभार झाले की सभा संपली, मग आभाळ कोसळलं तरी विषय घ्यायचा नाही. एकदा गडहिंग्लजला वरून आलेले बडे पाहुणे उमेदवाराचं नाव जाहीर करायलाच विसरले. आभार झाल्यावर त्यांना आठवलं आणि ते परत माईककडे निघाले. अध्यक्षांनी त्यांना दंडाला धरून बसवलं. "पावणं, आभार झालं. आता फकस्त चहा." उमेदवाराला आपण उमेदवार असल्याचं दुसऱ्या दिवशी फोनवर कळलं.

त्याच सभेत आभार मानायला उभा राहिला होता बसवराज. मूळचा गडहिंग्लजचा, शाहूपुरीत गुळाची अडत, घरात कन्नड आणि पेठेत मराठी बोलणारा. तो मात्र टिकला. एक, दोन नाही, अकरा वर्षं त्याने आभार मानले. मंडपवाल्यापासून पाण्याचा टँकर आणणाऱ्यापर्यंत कुणाचं नाव तो विसरत नसे. "तुला कंटाळा नाही येत?" असं मी त्याला एकदा विचारलं. अध्यक्षांना तो अण्णा म्हणे. हसून म्हणाला, "सर, अण्णांनी काम दिलंय, ते करालोय. जायाचं कुठं?"

आता राजीनाम्याविषयी. दर वर्षी मेळाव्यात, भाषणाच्या शेवटी, अध्यक्ष राजीनामा वाचून दाखवत. माझं अक्षर बरं म्हणून तो लिहायचं काम माझ्याकडे. मजकूर ठरलेला, नुसती तारीख बदलायची. वाचून झाला रे झाला की पहिल्या रांगेतले थोरले उपाध्यक्ष उठून गरजत, "न्हाय! आमाला मान्य न्हाय!" मग मधले उपाध्यक्ष, मग धाकटे, आणि या धाकट्यांनासुद्धा पणतू होता. सगळा हॉल "न्हाय, न्हाय" करी. अध्यक्ष हात जोडून, मान हलवून, नाइलाजाने राजीनामा मागे घेत आणि कागद घडी करून मला परत देत. पुढल्या वर्षी मजकूर बघायला उपयोगी पडे.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. पोरांच्या हातात मोबाइल आले होते आणि अध्यक्ष पंच्याहत्तरीला टेकले होते. त्या वर्षीचा मेळावाही नेहमीसारखाच चालला होता. अध्यक्षांनी राजीनामा वाचला, पण शेवटच्या ओळीशी, "पक्ष माझ्यानंतरही राहावा", इथे त्यांचा आवाज अडकला. दर वर्षी ते ती ओळ खणखणीत वाचत. ते थांबले. आणि त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

इकडे थोरले उपाध्यक्ष गरजायला उठत होते. पण त्यांचे गुडघे त्या वर्षी फार धरले होते. खुर्चीचा एक हात पकडला, दुसरा पकडला, अर्धे उठले, परत बसले. मधले त्यांच्या आधी उठणार नाहीत आणि धाकटे मधल्यांच्या आधी नाहीत, असा ज्येष्ठतेचा क्रम. आणि बसवराजाला दिसली ती फक्त खूण. अकरा वर्षांची सवय. तो ताडकन माईकपाशी गेला आणि बोलू लागला. "ज्यांनी आजवर पक्षाची धुरा वाहिली, आमच्यासारख्यांना उभं कसं राहायचं ते शिकवलं, आणि आज जे स्वखुशीनं पदावरून मोकळे होत आहेत, त्या आमच्या अण्णांचे..."

हॉलमध्ये कुणी हललं नाही. चपला शोधायलासुद्धा कुणी उठलं नाही. बसवराज चार-पाच मिनिटं बोलला आणि मंडपवाल्याचं नाव घेऊन थांबला. तेवढ्यात थोरले उपाध्यक्ष एकदाचे उभे राहिले आणि सगळा जीव एकवटून ओरडले, "न्हाय! आमाला मान्य न्हाय!" बसवराज भानावर आला. आपण काय करून बसलो हे कळून तो माईकपासून मागे सरला.

अध्यक्ष हळूच उठले. सगळे त्यांच्याकडे बघत होते, मी तर जास्तच, कारण एका शब्दात त्यांना सगळं परत मिळणार होतं. त्यांनी थोरल्या उपाध्यक्षांच्या खांद्यावर हात ठेवला. "बसा," ते म्हणाले. "आभार झालं. आता फकस्त चहा."

राजीनाम्याचा कागद त्या वर्षी मला परत मिळाला नाही. आठवडाभराने नव्या अध्यक्षाची निवड झाली तेव्हा बसवराजाचं नाव त्यांनीच सुचवलं. पण घरी ते दोन महिने गप्पगप्प होते. अंडी की मटण, हा विषयसुद्धा त्यांनी कामकाजातून काढून टाकला. मला राहवेना. एकदा मी विचारलंच, "त्या दिवशी तुम्ही चष्मा का काढलात?"

"काच पुसायला," ते म्हणाले आणि पेपर उघडून बसले. मला वाईट वाटलं. विचारायला नको होतं.

पुढल्या वर्षीच्या मेळाव्यात बसवराजाने स्वागताला, प्रास्ताविकाला तीन नव्या पोरांना उभं केलं. आभार कोण मानणार, असा प्रश्न निघाला तेव्हा मागच्या रांगेतून एक हात वर आला. आमचे म्हातारे माजी अध्यक्ष माईकपाशी गेले. नेहमीप्रमाणे अर्धा हॉल चपलांकडे आणि अर्धा बसवराजाकडे धावला. ते बोलत राहिले. सोडून गेलेल्या पोरांचीसुद्धा एकेकाचं नाव घेऊन आठवण काढली. खुर्च्या उचलायला सुरुवात झाली होती. ऐकत होता फक्त बसवराज, गराड्यातून मान वर काढून, आणि मी. मला जनता व्हायची सवयच होती.

येताना ते माझ्या स्कूटरवर मागे बसले होते. फाटकापाशी उतरले आणि म्हणाले, "मास्तर, आभाराला हॉल असाच रिकामा व्हतो व्हय? दर साली?"

"हो."

"मला कधी दिसलंच न्हाय. माझ्याभवती माणसंच माणसं असायची." मग म्हणाले, "अकरा वर्षं पोरगं बोललं, आन् मी त्याचं आभार एकदाच ऐकलं. त्या दिवशी." फाटकाची कडी धरून ते जरा उभे राहिले. "चांगलं बोलला."

एवढं म्हणून त्यांनी चष्मा काढला आणि खिशात ठेवला.