राखणदाराच्या वळणावरचे रूळ

१२ मे १९६१. सकाळपासून मी रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडत बसले होते. बिया एका घमेल्यात, सालं दुसऱ्यात. बियांच्या रसात मीठ घालून सालं बुडवायची, उन्हात टाकायची, सुकली की पुन्हा बुडवायची. पावसाआधी सोलांना, म्हणजे आमसुलांना, पुरेशी पुटं बसली नाहीत तर वर्षभराची बेगमी बुरसते. त्यामुळे त्या दिवसांत मी कुणाशी फारसं बोलत नसे.

आमचं गाव आरोंद्याच्या अलीकडे, खाडीकाठी. मागच्या डोंगरावर लोखंडी मातीची खाण होती आणि तिथून खाली धक्क्यापर्यंत अरुंद रूळ घातले होते. भरलेले डबे उतारावरून आपसूक खाली येत, रिकामे डबे रेडे ओढून वर नेत. धक्क्यावर माती मचव्यांत भरली जाई. पाऊस लागला की मचवे बंद, म्हणून मे महिन्यात डब्यांची नुसती धांदल. भरल्या डब्यांवर ब्रेकचा दांडा धरून एक माणूस उभा असे. माझा धाकटा दीर हेच काम करी. यजमान सावंतवाडीला शाळेत शिकवत आणि शनिवारी येत, तेव्हा घरात एरवी पुरुष माणूस तेवढाच.

आमच्या शेताच्या बांधाला लागून रूळ वळत. वळणावर पिंपळ, पिंपळाखाली गावाची शीव राखणाऱ्या देवाचा, राखणदाराचा, पाषाण. त्याचा मान आमच्या घराकडे. रूळ घालताना सासऱ्यांनी खाणवाल्यांकडून शब्द घेतला होता, की पिंपळाच्या आसपास जमिनीला कुदळ लावायची नाही. खाणवाल्यांनी तो आनंदाने दिला, कारण तेवढं खणणं वाचलं. बाकी सगळीकडे बाजूने चर काढून खडी घातली, इथे मात्र मातीवरच लाकडी स्लीपर टाकून रूळ ठोकले.

चर नाही म्हटल्यावर डोंगरातलं पाणी पावसाळाभर तिथेच तुंबे. डबेही नेमके तिथेच घसरत. घसरले की खाणीचा मुकादम आमच्या दारात नारळ मागायला येई. मग दीर पाषाणासमोर उभा राहून गाऱ्हाणं घाली, सगळ्यांच्या वतीने चुकलंमाकलं पदरात घे म्हणून विनवी. बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणत आणि पहारी लावून डबा पुन्हा रुळांवर चढवत. राखणदार रागावलाय हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. त्यामुळे त्या जागेला हात लावायला कुणी अधिकच धजेना.

त्या दिवशी जेवणाच्या सुमाराला आवाज आला तो नेहमीचा नव्हता. मी तशीच धावले. दोन भरलेले डबे आमच्या भातरोपांच्या तरव्याच्या कोपऱ्यात उलटले होते आणि दीर बांधावर बसून खांदा धरून होता. त्याने वेळेवर उडी टाकली होती. तो जिथे उभा असे तो डब्याचा भाग मातीत रुतला होता. मागून सासूबाई आल्या, माझे कोपरापर्यंत लाल हात बघितले आणि मटकन खाली बसल्या.

“रगत न्हय, रतांबे आसत,” मी म्हटलं. “भावजी बरे आसत. उठा.”

मुकादम छत्री काखेत मारून आला. पलीकडच्या वाडीतला वयस्कर माणूस, बोलायला गोड.

“वैनी, एक नारळ व्हयो होतो.”

“गेल्या आठवड्यात दिलो, तो खंय गेलो?”

“देवाक.”

“अर्धो देवाक. अर्धो तुमी खाल्लास.”

डबे उपसणाऱ्यांतलं कुणीतरी हसलं. मी कमरेचा कोयता काढून वळणावरच्या स्लीपरमध्ये खुपसला. पातं मुठीपर्यंत आत गेलं, आणि बाहेर काढलं तसा मागोमाग तपकिरी भुसा आला. रुळाचा खिळा चिमटीत धरून उपटला आणि मुकादमाच्या तळहातावर ठेवला.

त्याने तो जरा वेळ फिरवून बघितला. “माका म्हायत नाय काय, वैनी? दोन वर्सां लाकूड मागतंय. सायब म्हणतत, ट्रकचो रस्तो होतलो, मगे डबे बंदच. मरतल्या म्हाताऱ्याक नवो सदरो कित्याक शिवतंस?” मग आवाज उतरवून म्हणाला, “ह्या माणसांक उद्या परत डब्यार चढूचा आसा. तेंका कायतरी देऊक व्हया. माझ्याकडे लाकूड नाय. म्हणान नारळ मागतंय.”

मी कोयता पुसून कमरेला खोचला. मी घरी गेले आणि सासूबाईंनी नारळ दिला तो बघून न बघितल्यासारखं केलं.

संध्याकाळी दिराच्या खांद्याला हळद-तेलाचा शेक दिला. तो म्हणाला, उद्या जाणार. धक्क्याला मचवे लागलेत, डबे सुटणारच.

“माका जमूचा नाय म्हटलंय तर दुसऱ्याक चढयतले. तेकाय घरदार आसा.”

“मगे चर काढा,” मी म्हटलं. “पाणी जाऊक वाट करा. नायतर नवे स्लीपर घातलास तरी कुसतले.”

सासूबाई चुलीपाशी होत्या. “तुझ्या सासऱ्यान घेतललो शब्द तू मोडतलंस?”

“शब्द खाणवाल्यांनी दिल्यानी. आपण खंय दिलाव?”

दीर हसला आणि हसताना खांदा दुखला म्हणून कळवळला. “वैनी, आणि राखणदाराक राग इलो तर?”

“पावसाळाभर तेचे पाय चिखलात आसतत, ता तेका बरा वाटता? इचारून तरी बघा. आजपर्यंत माफीच मागलास. परवानगी कधी मागलास?”

मग सासूबाई उठल्या, माळ्याखालच्या राशीतून एक नारळ निवडून कानाशी हलवून बघितला आणि दिरापुढे ठेवला. “ह्यो घे. पाण्यान भरललो आसा.”

दीर तसाच मुकादमाकडे जाऊन आला. मुकादमाचा निरोप होता: तुम्ही चर काढा, स्लीपर मी आणतो. धक्क्याच्या बाजूला लाइनीचा एक फाटा वापराविना पडून होता, त्यातले बरे निघतील. एकाचं काढून दुसऱ्याला, दुसरं काय. पण मी नाही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही वळणावर गेलो. मुकादम आणि त्याची माणसं स्लीपर खांद्यावर घेऊन आधीच आली होती. दिराने नारळ ठेवला आणि डावा हात उजव्या खांद्यावर दाबून गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा, तुझी जागा मोडूक नाय, तुझ्या पायाकडचा पाणी काढूक इलाव. परवानगी दी आणि लेकरांक सांभाळ.” सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणाले. नारळ फोडला. आणि मग सगळे कुदळीकडे बघत उभे राहिले.

दिराचा हात वर होत नव्हता. बाकीच्यांचा होत होता, पण झाला नाही. मी पदर खोचला आणि पाषाणापासून हातभर खाली पहिला घाव घातला. वरची माती सुकी होती, खाली मे महिन्यातसुद्धा काळी ओल होती. आणखी चार घाव घातले तेव्हा मुकादमाने छत्री पिंपळाला टेकवली आणि माझ्या हातातली कुदळ घेतली. सासूबाई बांधावर नारळाची शकलं धरून बसल्या होत्या. त्यांनी पहिलं शकल मुकादमालाच दिलं.

चर खालच्या व्हाळाला, ओढ्याला, मिळाला. कुजके स्लीपर काढले, दुसरे बसवले, खिळे ठोकले. मी वळणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक खिळा धरून ओढून बघितला. एकही हलला नाही. मग दिराला म्हटलं, जावा आता वर, आणि घरी येऊन सोलं उन्हात घातली.