तिनं मागितलेली माफी

"तोंड उघड."

डेअरीच्या पायरीखाली मी खांबाला धरून उभा होतो. किटलीतलं निम्मं दूध मातीत गेलेलं. सकाळचं ऊन तोंडावर आलं, समोरचं मोकळं पटांगण हललं आणि माझा पाय वाकडा पडला. झालं होतं ते एवढंच.

"उघड म्हणतो ना. हा कर," पायरीवरून अण्णा म्हणाले.

मी हा केलं. या वयात. दूध घालायला आलेल्या सगळ्या रांगेसमोर तोंड वासलं. बाजारात बैलाचे दात बघतात तसा डेअरीचा माणूस वाकला, हुंगला.

"वास न्हाई येत, अण्णा."

"गुळण्या करून आला असंल. लई बेरकी हाय."

रांग हसली.

अण्णा म्हणजे आमच्या डेअरीचे चेअरमन. दारूबंदी कमिटीचे पुढारीही तेच. गावातली निम्मी बागायत त्यांची. आमच्या गावात दारूबंदी आहे आणि ती चांगली गोष्ट आहे. ग्रामसभेत मीही हात वर केला होता. माझा सख्खा भाऊ दारूनं गेला, मी थेंबाला शिवलो नाही. तेव्हाच ठरलं होतं, ज्या घरात दारू त्या घरचं दूध डेअरीत घ्यायचं नाही. तो हात वर केल्याचं मला आजही वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते पुढचं.

माझी बायको मागून पळत आली. काय झालं ते तिला बघताच कळलं. तिनं पदर पुढं धरला आणि अण्णांच्या पायाशी वाकली.

"अण्णा, चुकलं त्यांचं. एवढ्या बारी पदरात घ्या. परत न्हाई पिणार."

मी पीत नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण दूध बंद झालं तर चूल कशी पेटणार, हेही तिलाच ठाऊक होतं. आणि मी शेजारीच होतो. मला बोलता आलं असतं. डोकं गरगरत होतं हे खरं. पण जीभ शाबूत होती. मनात म्हटलं, बोलली ती, मिटलं एकदाचं. गप्प राहिलो.

"बाई शहाणी हाय म्हणून सोडतो," अण्णा म्हणाले.

अण्णांना सगळं माहीत होतं. मी त्यांच्याच रानात सालानं कामाला होतो. उसाच्या वाढ्यांनी भरलेल्या ट्रॉलीवर बसलो होतो, ट्रॅक्टर बांधावरून उतरला आणि मी डोक्यावर आपटलो. त्यांच्याच जीपमधून मला नगरला नेलं. डॉक्टर बोलला तेव्हा अण्णा माझ्या उशाशी उभे होते. "मेंदूला आतून मार आहे. वरची जखम भरेल, पण चक्कर बरेच दिवस राहील. उन्हात, मोकळ्यावर जास्त त्रास होईल." अण्णांनी मान हलवली होती. मी घरी आलो तर गावात आधीच बोललं जात होतं, पिऊन चढला हुता ट्रॉलीवर. प्यालेला पडला तर पडणाऱ्याचीच चूक. मालकाला कोण विचारतंय?

घरात मी बरा असतो. भिंत असते, दाराची चौकट असते. उंबऱ्याबाहेर पाय टाकला की जमीन पातळ होते. आभाळ फार होतं. वाऱ्यानं ज्वारी हलली की तिच्याबरोबर मीही हलतो. ट्रक गेला की वाटतं रस्ता मला घेऊन चाललाय.

बायकोनं यावर तोड काढली. "अवो, लांब बघू नका. माझ्या टाचांकडं बघा, दुसरीकडं न्हाई." आणि ती पुढं चालायला लागली.

आमच्याकडं बाई मागं चालते. माझी आई बापाच्या मागं चालली, ही माझ्या मागं चालली. आता ती पुढं, मी मागं, मान खाली घालून. तिच्या टाचांना भेगा होत्या, भेगांत काळी माती. त्या टाचा बघत मी रानात गेलो, डेअरीत गेलो, आडवा झालो नाही. पारावरची माणसं मात्र बघत होती.

"काय पाव्हणं, मालकिणीनं दावं बांधलंय का?"

राग त्यांचा यायला पाहिजे होता. मला आला तिचा. दूध सांडलं त्या सकाळी देवळाच्या कोपऱ्यावर मी तिच्यावर खेकसलो.

"आता मागं राहा. लोक बघत्यात."

ती थांबली. मी किटली घेऊन एकटा पुढं गेलो. पुढं काय झालं ते सांगितलंच. ती मागून पळत आली, ती का मागं होती? मी ठेवली होती म्हणून.

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. गोठ्यात शेण काढताना छातीत कळ आली, तिथंच बसली, ती उठली नाही. मी घरात पडून होतो. हाक मारली असेल का तिनं? ठाऊक नाही.

तिला न्यायचं तर गावाबाहेरचा माळ ओलांडायचा. ना झाड ना भिंत. विस्तवाचं मडकं घेऊन मी सगळ्यांच्या पुढं. ती मागं, खांद्यांवर. पुढं बघायला टाचा नव्हत्या. मी पडलो. विस्तव सांडला.

"आज तरी प्यायला नको हुतं," मागून कुणीतरी बोललं.

मी निखारे वेचून परत मडक्यात घातले.

त्यानंतर मी भिंती धरून चालायला शिकलो. टोपी भुवयांवर ओढायची. गरगरलं की तिथंच बसायचं, चिखल असो की शेण. अशाच एका सकाळी डेअरीसमोर बसलो तर अण्णा पायरीवर आले.

"परत सुरू केली काय रं? तोंड उघड."

"अण्णा, मला डोक्याचा तरास हाय. तुमाला म्हाईत हाय."

"मला शिकवू नको. तुझ्या बायकोनंच कबूल केलं हुतं, सगळ्या गावाम्होरं. ती काय खोटं बोलली व्हय?"

हे ऐकलं आणि दात आपोआप आवळले. तिनं मला वाचवायला तोंडून काढलेला शब्द, तोच त्यांनी साक्षीला उभा केला. मेलेल्या बाईला माझ्याविरुद्ध साक्षीदार केलं. आणि ती साक्ष खोटी आहे हे सांगणारा मी एकटाच उरलेलो.

"न्हाई उघडत."

"मग दूध घेऊन चालता हो."

मी किटली उचलली आणि भिंतीभिंतीनं घरी आलो.

ग्रामसभा देवळापुढच्या पटांगणात भरते. सभेच्या दिवशी भिंत संपते तिथपर्यंत चाललो. पुढं मोकळं. मग खाली बसलो आणि हातांवर जोर देऊन सरकत सरकत मधोमध गेलो. पोरं हसली. बाया हसल्या नाहीत.

"बोलायचं तर उभा राहून बोल," अण्णा म्हणाले.

"उभा राहिलो तर पडंन. पडलो तर तुमी वास घ्याल. बसूनच बोलतो. माझ्या बायकोनं तुमची माफी मागितली ती खोटी हुती. मी कधी प्यालो न्हाई. ती माफी मागं घ्यायला आलोय."

"मेलेल्या माणसाची माफी आता कशी मागं घेतोस?" एकजण ओरडला.

"ती माझ्यासाठी मागितलेली हुती. मी जिता हाय."

मग अण्णांकडं बघितलं. एकाच जागी नजर रोवली, तिनं शिकवलं होतं तशी. "डॉक्टर बोलला तवा माझ्या उशाशी कोण उभं हुतं, अण्णा? एवढं सांगा, मी जातो."

अण्णांनी उपरणं झटकलं. "पुढचा विषय घ्या."

मी उठलो नाही. माझ्या अंगावरून पुढचा विषय झाला, त्याच्या पुढचा झाला. सभा संपली तरी मी तिथंच होतो.

यानं तिचं काही भरून येत नाही, हे मला कळतं. तिला मागं राहा म्हणालो, ते तसंच राहणार. ती वाकली तेव्हा मी गप्प राहिलो, तेही. ते माझं आहे, माझ्याबरोबरच जळेल.

पण पुढची सभा भरली की मी सरकत जाणार. मधोमध बसणार. हेच विचारणार. गाव मला प्यालेला म्हणो नाहीतर येडा. अण्णा उत्तर देत नाहीत तोवर माझं दूध त्यांच्या डेअरीत जाणार नाही, आणि माझं तोंड कुणाच्या नाकापुढं उघडणार नाही.