काचेवरचा डाग

विहारासमोर बॅनर लागला होता: 'गुरू ग्रहावर नवा वायू शोधणाऱ्या कु. अर्चना गजभिये यांचा सत्कार'. आणि तिकडे घरी अर्चना लॅपटॉप मिटून म्हणाली, "बाबा, तो बॅनर उतरवा."

"काहून?" वामनरावांचा चहा बशीतच राहिला.

"तो वायू गुरूवरचा नाही. आपला आहे, पृथ्वीवरचा."

"फोनवर तूच त सांगितलं!"

"मी म्हटलं, अनोळखी रेघ दिसून राहिली. नवा वायू तुम्ही केला."

"मले वाटलं, लेक लाजून राहिली."

"अर्चना अन् लाजते!" आतून तिची आई पुष्पाबाई हसल्या.

अर्चना पुण्यात गुरूच्या इन्फ्रारेड प्रकाशावर पीएचडी करते. डोळ्यांना न दिसणारा हा प्रकाश फोडला, की त्यात प्रत्येक वायूच्या ठरलेल्या जागी काळ्या रेघा दिसतात. मिथेनच्या वेगळ्या, अमोनियाच्या वेगळ्या. एक रेघ कोणाचीच नव्हती. ती गुरूची निघाली असती, तर अर्चनाचं नाव झालं असतं. आज तिनं नवं निरीक्षण जुन्याशी ताडून पाहिलं, आणि संपलं.

"उद्याच्या दिवस राहू दे," वामनराव हळूच म्हणाले. "लोकायले काय समजते?"

"समजते. मीच सांगन."

दुसऱ्या दिवशी हार गळ्यात पडायच्या आत तिनं माईक धरला.

"जय भीम! नागपूरच्या बसच्या काचेवर डाग असला, त काय होते?"

"आपल्यासंगच नागपूरले येते!" पहिल्या रांगेतून उर्मिलाकाकू.

"अन् बाहेरची संत्र्याची झाडं?"

"मागं सरकतात."

"बस. गुरू कधी आपल्याजवळ येते, कधी दूर जाते. तशा त्याच्या रेघा जराशा सरकतात. मिथेनची सरकली, अमोनियाची सरकली. माझी जागची हलली नाही. म्हणजे ती काचेवरचा डाग. दुर्बिणीच्या वरची आपलीच हवा."

बॅनर छापून आणणारे सुखदेवभाऊ उठले. "म्हणजे शोध गेला?"

"गेला."

"मंग आता?"

"काच पुसून राहिली ना! डागाच्या बाजूलेच फॉस्फिनची बारीक रेघ आहे. तो वायू गुरूच्या पोटातून वर येते. नवा नाही, पण किती येते, ते मी मोजून दाखवन. अन् ती रेघ सरकली, भाऊ. मी पाहिली."

टाळी पहिली उर्मिलाकाकूंची.

कार्यक्रम संपल्यावर वामनराव खुर्चीवर चढले आणि 'नवा वायू शोधणाऱ्या' या शब्दांवर त्यांनी कोरा कागद चिकटवला.

पुष्पाबाईंनी वाचलं, "गुरू ग्रहावर कु. अर्चना गजभिये यांचा सत्कार. अहो, हे काय केलं?"

"असू दे," वामनराव खाली उतरत म्हणाले. "तिथंच त असते दिवसभर."