फोरमची तीन सॉफ्टवेअरं अन् एक याडी

वरचं नाव वाचून तुमी वही-पेन घेऊन बसले असान. आता हा पोट्टा तक्ता टाकन, कोण्या सॉफ्टवेअरले किती तारे ते सांगन. ठेवा ते पेन. तक्ता मी बनवलता, खोटं नाही बोलत. पण त्यापायी ज्या शिव्या खाल्ल्या त्या तक्त्यापेक्षा बऱ्या आहेत.

फोरम म्हणजे इंटरनेटवरचा पार. एकानं विचारायचं, बाकीच्याईनं सांगायचं, अन् सगळं तिथंच लिहून राह्यते. ते चालवणारं सॉफ्टवेअर तयार भेटते. त्यात नसलेली सोय पायजे असली का आमच्यासारखे लोक प्लगिन बनवून जोडतात. घर दुसऱ्याचं, खिळा आपला.

यवतमाळात झेरॉक्सच्या दुकानावर आमचं दोन खोल्याचं ऑफिस. ताई मालकीण, मी नोकर. ताईनं एका रिटायर गुरुजीच्या फोरमवर आवाज टाकाले प्लगिन बनवलतं. गुरुजी फुलसावंगीकडच्या तांड्यातले. तांड्यातांड्यात जाऊन म्हाताऱ्याईच्या तोंडून गोरबोलीचे, म्हणजे बंजारा बोलीचे, शब्द मोबाइलवर रेकॉर्ड करायचे अन् फोरमवर टाकायचे. शब्द एकच, दर तांड्याचा सूर वेगळा. साडेतीनशे आवाज झालते, त्यातल्या कितीक म्हाताऱ्या आता नाहीत.

अन् ते जुनं सॉफ्टवेअर बंद पडून राह्यलं होतं. सर्व्हरवाल्यानं महिनाअखेरची मुदत देल्ली.

ताई म्हणे, "तीन सॉफ्टवेअरं पाह्य. आपलं प्लगिन कुठं नीट बसते ते सांग. एक जरी आवाज हरवला ना, तर गुरुजीसमोर तू उभा राह्यशीन, मी नाही."

आठ दिवसानं मी ताईसमोर तिन्ही सॉफ्टवेअरच्या, घरमालक म्हणून, नकला करून दाखवल्या. पहिला म्हातारा, तोंडात खर्रा: "ठोक बाप्पा कुठंही खिळा, भित काय माह्या बापाची हाय?" पण अपडेट आलं का भितच बदलते, खिळा लोंबकळत राह्यते. दुसरा रिटायर हेडक्लार्क: "अर्ज आणा. खिळा फक्त नेमून दिलेल्या जागी. त्याच्याबाहेर हात लावायचा नाही." कटकट्या, पण त्यानं नेमलेली जागा वर्षानुवर्षं हालत नाही, अन् कुठं काय जोडायचं ते सगळं लिहून ठेवते. तिसरा पुण्याहून आलेला नवा जावई. दिसाले लय भारी, पण दर चार महिन्यानं सोफ्याची जागा बदलते अन् आपल्यालेच विचारते, "तुमचा खिळा इथं कसा?"

ताई हसून हसून टेबलावर पडली. "हेडक्लार्क घेऊ," म्हणे.

इथवर माह्यासारखा हुशार जिल्ह्यात नव्हता.

घोळ टेस्टिंगमध्ये झालता. प्लगिन तपासाले आवाज लागतात. शहाणा माणूस "हॅलो, वन टू थ्री" म्हणून मोकळा होते. मले नक्कल केल्याशिवाय अन्न पचत नाही. शाळेत माह्या बाकावर तांड्यातला दोस्त होता, थोडी गोरबोली येते. मी माह्याच आवाजात बिनदातांची एक याडी काढली अन् रेकॉर्ड केली. याडी म्हणजे आई. "बाटी", म्हणजे भाकर, म्हणता म्हणता खोकणारी, मधातच सुनेले झापणारी. खरं वाटावं म्हणून खाली एका खऱ्या तांड्याचं नाव टाकलं. अन् मंग टेस्टचा फोरम पुसून न टाकता, त्याच्यावरच गुरुजीचे सगळे आवाज आणून ओतले.

साडेतीनशे आवाजात माही याडी जाऊन बसली. मले पत्ताच नाही.

पंधरा दिवसानं गुरुजीचा फोन. आवाज बसलेला.

"काल त्या तांड्यावर गेलतो रे. एसटी फाट्यावर सोडते, तिथून पायी. ते बाटीवाली याडी, मी तर तिले कधी भेटलोच नाही. म्हटलं कोणी पाठवला असन आवाज, जाऊन फोटो तरी काढावा. घरोघरी मोबाइलवर लावून ऐकवलं. कोणीच ओळखत नाही. गेली असन काय रे बिचारी?"

ते याडी तर माहीच. सांगू कसं? फोनवरच तोंडात हवा भरून खोकलो अन् म्हटलं, "बाटी..."

गुरुजीनं खोकला बरोबर ओळखला.

"तू होता?"

"हो गुरुजी."

"मी उन्हात तांडाभर फिरलो. एक बाई तर रडली, म्हणे माह्या सासूसारखी वाटते. अन् तू ऑफिसात बसून खोकून राह्यलता?"

"गुरुजी, टेस्ट होती. आत्ता काढतो."

"कायले काढतो? आधी ऐक. माह्या म्हाताऱ्या चालल्या एकेक करून. मी गेल्यावर हे फोरमच राह्यन. कोणी पोरगी ऐकन अन् म्हणन, आमच्या याड्या अशा बोलत होत्या. त्या अशा नाही बोलत बे! ते तू बोलते! शाळेत हेच शिकवलं का तुले? फोन दे ताईले."

ताईनं पाच मिनिटं ऐकलं, "हो गुरुजी, हो गुरुजी" केलं अन् फोन ठेवला. मंग हेडफोन माह्या अंगावर फेकला.

"बस इथं. साडेतीनशेचे साडेतीनशे ऐक अन् यादी बनव. आणखी किती म्हाताऱ्या घुसवल्या ते मले लेखी पायजे. अन् तोंडातून आता आवाज काढला ना, माणसाचा का जनावराचा, तर खाली झेरॉक्सवाल्याकडं कामाले लावून देईन. हसून काहून राह्यला बे? बस म्हटलं ना!"