हनुमंतअण्णांचा पुरावा

पाथर्डीकडच्या हनुमंतअण्णांचा विश्वास बसावा असा माणूस अजून जन्माला यायचाय. दूधवाल्याचं माप ते स्वतः धरून बघतात, आणि बायको रोहिणीबाईंच्या हातून चहात साखर कमी पडली तरी त्यांना त्यात कुणाची तरी फूस दिसते. पण सगळ्यात मोठा संशय धाकट्या भावावर. अंगद नांगरताना बांध कोरतो आणि दरसाल आपली जमीन खातो, ही अण्णांची पक्की खात्री. त्यासाठी त्यांनी मोसंबीच्या बागेत खांबावर कॅमेरा बसवला. समोर हालचाल झाली की चित्रण व्हायचं आणि घरातल्या एका पेटीत साठायचं. पेटी जावयाच्या पुण्याच्या ऑफिसातून निघालेली, जुनी. अण्णांनी ती देव्हाऱ्याशेजारी ठेवली होती, वर पंचा टाकून. "कोर्टात लागंल तवा काढू," म्हणायचे. उघडून बघितलं मात्र कधीच नाही.

यंदा पेटी भरली. आता ती जुनं पुसून नवं साठवणार, असं कळल्यावर अण्णांची झोपच उडाली. पुरावा पुसणार म्हणजे काय! शेवगावहून गोरक्ष नावाचा कॉम्प्युटरवाला मोठ्या हार्ड डिस्क घेऊन आला.

"अण्णा, आत दोन डिस्क हायेत, दोन्हीत तेच भरल्यालं. एक काढून नवी बसवू. दुसरीवरनं ती भरली, की मग दुसरी बदलू."

"तेच दोनदा कशाला?"

"एक गेली तर दुसरी असावी म्हनून."

"आन् काढल्याली तू घिऊन जानार?"

गोरक्ष हसला. अण्णा हसले नाहीत. त्यांनी निघालेली डिस्क मांडीवर घेतली आणि वर हात ठेवला. हा अंगदच्या सासुरवाडीचा तर नाही? त्यांनी त्याचं आडनाव विचारलं, गाव विचारलं, मामाचं गावही विचारलं. गोरक्षच्या दोन-तीन खेपांत काम उरकलं, तोवर दोन्ही जुन्या डिस्क अण्णांच्या उशाखाली होत्या.

"जुनं नीट आलंय का बघू," म्हणत गोरक्षनं मधलंच एक चित्रण लावलं. दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा. तेव्हा अण्णा ऑपरेशनसाठी नगरला दवाखान्यात होते, रोहिणीबाई सोबत. पडद्यावर अंगद बांध ओलांडून आत आला.

"घावला!" अण्णा ओरडले. "म्होरं लाव!"

अंगदनं खांद्यावरचा पाईप मोसंबीच्या आळ्यात सोडला. स्वतःच्या विहिरीचं पाणी, तेही भर उन्हाळ्यात. हा आता पाण्याच्या नावाखाली बागेवर हक्क सांगणार, असंच अण्णांच्या मनात आलं. पाणी देऊन झाल्यावर अंगद खांबाखाली आला, टोपी काढली आणि वर कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलला. थांबला. पुन्हा बोलला. दुसऱ्या दिवसाच्या चित्रणातही तेच, त्याच्या पुढच्याही. मग एके दिवशी तो पाणी देऊन वर न बघताच निघून गेला.

"आवाज लाव की."

"ह्या कॅमेऱ्याला आवाज न्हाई, अण्णा."

बाग जगली ती आपल्या पुण्याईनं, असं अण्णा गावभर सांगत फिरले होते. रोहिणीबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या तसे ते अगदी कानकोंडे झाले. अनवाणीच बांध ओलांडून गेले. अंगद गोठ्यात शेण काढत होता.

"त्या उन्हाळ्यात कॅमेऱ्याखाली उभा ऱ्हाऊन काय बोलत हुतास?"

अंगदनं हातातलं घमेलं खाली ठेवलं नाही.

"घरी कधी येतूस, इचारत हुतो. लोकं म्हनली, तू दवाखान्यातनं मोबाईलवर समदं बघतूस." तो पुन्हा शेणाला वाकला. "तू कायच बोलला न्हाईस, म्हनून मग इचारायचं सोडलं."