निचऱ्याचा व्हॉल्व्ह

लालबागच्या त्या चाळीत पाणी आणि लवू धुरी ही दोन नावं लोक एका दमात घ्यायचे. संध्याकाळी चार वाजता गेटजवळच्या खड्ड्यातला मुख्य व्हॉल्व्ह उघडायचा, सहा वाजता बंद करायचा, हे काम गेली एकवीस वर्षं लवूकडे होतं. त्याआधी सव्वीस वर्षं तो गिरणीच्या बॉयलर हाउसमध्ये फिटर होता. गिरणी गेली, पण हाताची सवय गेली नाही. वाफेची लाइन बंद केली की पुढच्या पाइपात साचलेलं पाणी लगेच काढून टाकायचं, नाहीतर पुन्हा वाफ सोडताना ते पाणी पाइपावर घणासारखं आदळतं. त्याच्या मुकादमाने पहिल्याच आठवड्यात त्याला हे शिकवलं होतं. बंद केलं की निचरा. लवूने हे कुलदैवतासारखं मानलं.

गेल्या दिवाळीच्या आसपास जुना व्हॉल्व्ह अडकला. दुरुस्तीसाठी पाइप सोडला, तर उभ्या पाइपातलं सगळं पाणी तळमजल्यावरच्या भिवाच्या खोलीत शिरलं. गाद्या भिजल्या. भिवाची मुलगी संघमित्रा दोन दिवस फॅनखाली पुस्तकं वाळवत बसली होती. कमिटीने लवूला सांगितलं, नवीन आणा, चांगला आणा, निचऱ्याचा आणा.

नागदेवीच्या बाजारात धनेश नावाच्या दुकानदाराने काउंटरवर दोन पितळी बॉल व्हॉल्व्ह ठेवले. लवूने आधी अंगावरचा बाण बघितला. पाणी ज्या दिशेने जातं त्याच दिशेला बाण हवा, उलटा बसवला तर बंद केल्यावर येणारं पाणीच निचऱ्यातून वाहत राहतं.

"काका, तुम्हाला कळतं," धनेश खूश झाला. "हा बघा, ह्याला बाजूला टोपण आहे. व्हॉल्व्ह बंद करायचा, टोपण सोडायचं, पुढचं पाणी काढायचं, टोपण परत घट्ट. आणि ह्या दुसऱ्याला टोपणच नाही. आतल्या गोळ्याला बारीक भोक आहे. बंद केला की पुढचं पाणी आपलं आपण बाहेर."

"म्हणजे खाली उतरायला नको."

"नको. पण बसवणार कुठे? खड्ड्यात असेल तर टोपणवाला घ्या. पिण्याची लाइन आहे ना? जिथून पाणी बाहेर येतं तिथून आतही—"

"मी बॉयलरवर होतो, तेव्हा तुझे वडील पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत जात होते," लवू म्हणाला. "दुसरा बांध."

गुडघे दुखतात हे त्याने धनेशला सांगितलं नाही. घरी रमाबाईंना सांगायची गरजच नव्हती. त्या म्हणाल्या, "बरा केलात. त्या खड्ड्यात उतरताना कधी तरी पडला असतात." लवूने व्हॉल्व्हच्या दांडीला लांब सळई जोडली. आता वर उभं राहून पाव फेरा दिला की काम झालं. खालून खळखळ ऐकू आली की त्याला समाधान वाटायचं. निचरा झाला.

ते पाणीही फुकट जायचं नाही. गेटवर हार विकणाऱ्या चंपाने लवूला विचारून निचऱ्याच्या तोंडाखाली दोरीने कळशी सोडायला सुरुवात केली. तेवढं पाणी तिला फुलांवर शिंपडायला पुरायचं. "लवूभाऊंचा प्रसाद," ती गिऱ्हाइकांना सांगायची.

सहा महिने छान गेले. मग चाळीतली मुलं आजारी पडायला लागली. उलट्या, जुलाब, ताप. आधी दोन, आठवड्याभरात सात. संघमित्राचा मुलगा अजित सहा वर्षांचा. त्याला परळच्या इस्पितळात दाखल करावं लागलं आणि तिसऱ्या दिवशी त्याची लघवी कमी झाली. संघमित्रा स्वतः लॅबमध्ये टेक्निशियन. तिने गच्चीवरच्या टाकीतलं पाणी बाटलीत भरून नेलं आणि येऊन एवढंच म्हणाली, "पाण्यात गटार आहे."

गच्चीवरच्या टाक्या धोंडू धुवायचा. चाळीच्या जिन्याखाली राहणारा, एकटा माणूस. सगळ्यांची नजर त्याच्याकडे गेली.

"पितोस आणि टाकी धुतोस," कमिटीचा स्वप्नील त्याला सगळ्यांसमोर म्हणाला.

"दिवसा नाही पीत," धोंडू म्हणाला. कोणीतरी हसलं. धोंडू नाही हसला. रविवारी सकाळी बैठक ठरली. त्याला काढायचं आणि जिन्याखालची जागाही रिकामी करून घ्यायची.

शनिवारी सहा वाजता लवूने सळईला पाव फेरा दिला आणि बऱ्याच दिवसांनी नीट कान दिला. खळखळ आली नाही. दोन-चार बुडबुडे वाजल्यासारखे झाले, बस.

"चंपा, कळशी कुठे आज?"

"आज कुठली? पंधरा दिवस झाले की बंद करून," चंपा दोरा ओवता ओवता म्हणाली. "ते केबलवाले खणून गेले ना, तेव्हापासून गटाराचं पाणी झिरपतंय खड्ड्यात. कळशीला वास मारायला लागला. फुलांना कसं शिंपडणार ते?"

लवूने खड्ड्यावरची जाळी सरकवली. काळं पाणी व्हॉल्व्हच्या वर हातभर चढलेलं होतं. निचऱ्याचं तोंड त्या पाण्याच्या तळाशी कुठेतरी होतं. व्हॉल्व्ह बंद, वरचा पाइप रिकामा, भोक उघडं. रोज बावीस तास ते पाणी आत शिरून बसत होतं आणि रोज चार वाजता लवू ते स्वतःच्या हाताने गच्चीवरच्या टाकीत चढवत होता. वाफेच्या लाइनीत दाब आतून असतो, बाहेरचं काही आत यायची बिशाद नसते. इथे पाइप दिवसभर पोकळ पडलेला असायचा. फिटरने एवढं बघायचं असतं. आणि वाकून बघितलं असतं, तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं.

घरी आल्या आल्या त्याने माठ मोरीत ओतला. "आजपासून उकळून, सगळ्यांना सांग," एवढंच तो रमाबाईंना म्हणाला. त्यांनी जेवायला हाक मारली, तर तो भिंतीकडे तोंड करून पडला. खरं तर मार्ग सोपा होता. उद्या दुपारी टोपणवाला व्हॉल्व्ह आणायचा, जुना खराब झाला म्हणून सांगायचं. मुलं बरी होतील. लोक म्हणतील, धोंडूला काढल्यावर पाणी सुधारलं.

बैठकीत स्वप्नीलने कागद वाचला. धोंडू दाराशी उकिडवा बसला होता, त्याची पिशवी आधीच भरलेली. लवू उठला.

"टाकी स्वच्छ आहे," तो म्हणाला. "घाण खालून चढते. माझ्या व्हॉल्व्हातून. दुकानदाराने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

कुणाला आधी कळलंच नाही. त्याने भोक, खड्डा, गटार सगळं सांगितलं. मग भिवा म्हणाला, "लवू, माझा नातू आहे रे तिकडे." त्याचा आवाज चढला नाही, आणि तेच लवूला सोसवेना.

संघमित्राने फक्त विचारलं, "कधीपासून?"

"खणलं तेव्हापासून. पंधरा दिवस."

"पंधरा दिवस तुम्ही खाली बघितलं नाही?"

"नाही."

ती उठून गेली. लवूने सकाळीच व्हॉल्व्हवरून काढून आणलेली सळई धोंडूपुढे धरली. "आजपासून तू सांभाळ."

"मला नको," धोंडू म्हणाला. "तुम्ही खाली उतरा आधी."

सोमवारी चाळीसमोर टँकर उभा होता. खड्डा उपसून झाला होता. लवू एकेक पाय टेकत खाली उतरला. गुडघ्यात सणक गेली, तोंडातून आवाज फुटला. धोंडूने वरून पान्हे दिले. लवूने बाण बघून टोपणवाला व्हॉल्व्ह बसवला, टोपण आवळलं, सोडलं, परत आवळलं. मग तळ आणि फुटलेली कड सिमेंटने लिंपायला घेतली.

गेटमधून संघमित्रा आत आली, हातात रिकामा थर्मास. ती खड्ड्याच्या काठाशी थांबली. लवूने वर बघितलं.

"अजित?"

"सलाइन चालू आहे. आजचा रिपोर्ट संध्याकाळी." ती त्याच्या चिखलाने भरलेल्या हातांकडे बघत राहिली. "आज उतरलात, काका."

आणि ती थर्मास भरायला घरात गेली. लवू वाकून पुन्हा लिंपू लागला.